अर्ध्या पेढ्यामागचा इतिहास

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही ऑफिसात पेढ्यांचा बॉक्स फिरला की तळाशी उरतात मोडलेले अर्धे पेढे. "नको गं, साखर बंद केलीय" म्हणत अर्धा उचलायचा आणि चार वाजता चहाला जाता जाता उरलेला अर्धा तोंडात टाकायचा. बॉक्स रिकामा होतोच, पण पेढा खाल्ल्याचं कुणाच्याच नावावर लागत नाही. नौपाड्यात दसऱ्याला श्रीखंडासाठी रांग लावतानाही 'दिवाळी झाली की डाएट' हे ठरलेलंच असतं.

असं चोरटं खाणं आपल्याकडे फार जुनं नाही. गोड सणावारी व्हायचं. पंगतीत जिलबीचा आग्रह झाला तर संकोच 'नाही' म्हणायचा वाटे, खाण्याचा नव्हे. साखरही हवी तेवढी मिळत नसे. 1950 मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, तरी रेशनच्या साखरेचे दिवस पुढे बरीच वर्षं राहिले.

खाण्याचा हिशेब ठेवायची सवय अमेरिकेत रुजली. 1918 मध्ये ल्युलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंनी वाचकांना बजावलं, की ब्रेडची स्लाइस म्हणू नका, 100 कॅलरी ब्रेड म्हणा. 1963 मध्ये 'वेट वॉचर्स' कंपनी निघाली आणि वजन कमी करणं हा धंदा झाला.

या हिशेबाला तडा देणारा पुरावा मात्र त्याआधीच हाती आला होता. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशाने उतरलं. पण त्याहून बोलकं होतं ते त्यांचं वागणं: माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटल्या चाटू लागली, जेवणाशिवाय दुसरं बोलेनात. बंधन उठल्यावर काही जण पोट तुडुंब भरलं तरी थांबू शकत नव्हते. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं, यात मनाचा कमकुवतपणा कुठे आला?

1975 मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्राच्या संशोधकांनी आणखी मजेशीर प्रयोग केला. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजला, मग चव सांगायच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. खाण्यावर ताबा ठेवणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं, कारण आजचा नेम मोडलाच होता. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्या आज्यांना प्रयोगशाळेशिवाय कळलं होतं.

पुढे स्त्रीवादी लेखिकांनी बाईच्या शरीरावरच्या या पहाऱ्याला जाब विचारला. ब्रिटनमध्ये 1992 पासून मेरी इव्हान्स यंग यांच्या पुढाकाराने 'नो डाएट डे' पाळला जाऊ लागला, पुढे त्याची तारीख 6 मे ठरली. 1995 मध्ये एव्हलिन ट्रिबोले आणि एलिस रेश या दोन आहारतज्ज्ञांनी 'इन्ट्युइटिव्ह ईटिंग'ची, म्हणजे शरीराचं ऐकून खाण्याची, दहा तत्त्वं मांडली. भूक ओळखा, पोट भरल्याची खूण ओळखा, कुठल्याच पदार्थाला निषिद्ध ठरवू नका. मना केलेला लाडू डोक्यात बसतो. रोज डब्यात दिसणारा लाडू हळूहळू नुसता लाडू होतो. 2011 मध्ये लेनर्ड एपस्टाइन यांच्या गटाने स्त्रियांना चीज घातलेली मॅकरोनी आठवडाभर रोज देऊन पाहिली, तर आठवड्यातून एकदाच मिळणाऱ्यांपेक्षा रोजवाल्यांचं खाणं लवकर उतरलं.

आपल्याकडे वाद वेगळ्या वळणाने आला. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि तूप-भात, घरचं गोड टाकू नका म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर, यांच्यावरून 2018 च्या सुमारास घराघरांत तट पडले. माझा कल दिवेकरांकडे. पण डाएट न करणं म्हणजे मोकाट सुटणं असा सोयीस्कर अर्थ ठाण्याच्या मिठाईच्या दुकानांना आवडेल, ट्रिबोले-रेश यांना नव्हे. त्यांचं दहावं तत्त्व पोषणाचंच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. अशांच्या बाबतीत पेढ्याची परवानगी रक्तातली साखर पाहून, डॉक्टरांशी बोलून ठरते. ती अर्ध्याची असेल तर अर्धा, पण टेबलाशी बसून, चव घेत.