मोनोग्राममध्ये आडनाव नेहमी मधेच असतं का?

मोनोग्राम म्हणजे रुमाल, शर्ट वगैरेंवर नावाची पहिली अक्षरं एकत्र काढून केलेली खूण. "मोनोग्राममध्ये आडनावाचं अक्षर मधेच हवं, नाहीतर ते चुकलं" असं सांगणारा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. अर्धी गोष्ट बरोबर आहे त्यात, म्हणून पटकन पटतं.

हा रिवाज मूळ इंग्लंड-अमेरिकेकडचा, आणि तिथे सगळं अक्षरांच्या साईजवर ठरतं. समजा नाव मीना राजन जोशी. मधलं अक्षर मोठं नि बाजूची दोन लहान असतील तर एम, मोठा जे, मग आर. पण तिन्ही एकाच उंचीची असतील, जशी पुरुषांच्या शर्टाच्या कफवर बहुतेक असतात, तर सरळ नावाच्या क्रमाने एम आर जे, कारण मोठं कुणीच नसल्यावर मधलं अक्षर आडनावाचं हे बघणाऱ्याला कळणार कसं?

चेक करायचं तर ज्याचं पूर्ण नाव माहीत आहे असा जुना भरतकामाचा रुमाल घ्या, अक्षरांवर पट्टी ठेवा आणि नावाशी ताडून बघा. गोल किंवा डायमंड फ्रेममध्ये बहुतेक वेळा मधलं उंच असतं, तिथे फॉरवर्डवाला नियम चालतो. (जोडप्याच्या टॉवेलचा हिशोब वेगळाच, तिथे जुन्या पद्धतीत डावीकडे तिचं, उजवीकडे त्याचं आणि मधे दोघांचं आडनाव.)

ऑर्डर देताना मात्र नुसती अक्षरं व्हॉट्सॲप करू नका, कागदावर साईजसकट काढून द्या, भरलेले टाके उसवले तरी सुईची भोकं बऱ्याचदा कापडावर दिसत राहतात.