अंशशोधन, डिजिटल व्होल्टमीटरचे (घरगुती)

अंशशोधन, डिजिटल व्होल्टमीटरचे (घरगुती) : मीटर दाखवतो तो आकडा खात्रीच्या विद्युतदाबाशी ताडून पाहणे आणि फरक फारच असेल तर आतला प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा बदलता रोध) फिरवून तो काढणे. घरी बहुधा ताडून पाहणेच पुरते.

साध्या साडेतीन अंकी (1999पर्यंत आकडा दाखवणाऱ्या) मीटरच्या माहितीपत्रकात डीसीसाठी ±0.5 टक्के अधिक शेवटच्या स्थानी 2 अंक अशी अचूकता छापलेली असते. ती साधारण 18 ते 28 अंश सेल्सिअसपुरती, हे बारीक अक्षरांत. त्यापुढे दर अंशाला मूळ चुकीचा दहावा हिस्सा वाढतो, असा सर्वसाधारण हिशेब आहे. सोलापुरात मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत 41 अंश असले, तर 13 अंश जास्तीचे, म्हणजे 0.5 टक्क्याचे 1.15 टक्के झाले. इन्व्हर्टरची 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना 12.7 आणि निम्मी उतरल्यावर 12.2च्या आसपास दाखवते. त्या अर्ध्या व्होल्टात 0.14ची चूक म्हणजे बॅटरीवाल्याशी नाहक वाद. म्हणून इथे मीटर तपासायचा तो गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, तोही सकाळी.

आधी मीटरमधली 9 व्होल्टची बॅटरी बदलावी. ती उतरली की स्वस्त मीटर आकडा फुगवून सांगतो, आणि दोष भलत्याचाच निघतो. मग दोन्ही प्रोब टेकवून शून्य येते का ते पाहावे. ढोबळ अंदाजाला सिल्व्हर ऑक्साइडचा नवा बटण सेल चालतो : सुमारे 1.55 व्होल्ट. घड्याळवाल्याकडे एसआर44 असे नाव घेऊनच मागावा; नुसते ‘बटण सेल’ म्हटले तर तेवढ्याच आकाराचा अल्कलाइन एलआर44 हातात पडतो. त्याहून बरे म्हणजे एडी584 या नेमका, स्थिर दाब देणाऱ्या चिपचे तयार मॉड्यूल, ज्यातून 2.5, 5, 7.5 आणि 10 व्होल्ट मिळतात. 20 व्होल्टच्या रेंजवर 10 व्होल्ट मोजताना 9.93 ते 10.07च्या आत आकडा आला तर प्रीसेटला हात लावू नये. भिंतीवरच्या सॉकेटशी मात्र ताडून पाहू नये; तिथले 230 दिवसभर खालीवर होत असतात, शिवाय जिवाशी खेळ.

एकाच प्रीसेटने काम भागते त्याचे कारण आतल्या मोजणीत आहे. आयसीएल7106सारखी चिप आलेल्या दाबाने कपॅसिटर ठरावीक वेळ चढवते, मग संदर्भदाबाने (मीटरमधल्याच ठरवून दिलेल्या दाबाने) उतरवते आणि उतरायला लागलेला वेळ मोजते. कपॅसिटर किंवा चिपमधले घड्याळ थोडे सरकले तरी चढउतारात ते कटते. उरतो तो संदर्भदाब, आणि प्रीसेट तोच बदलतो. वरच्या रेंजेसची भिस्त विभाजक (दाब विभागून कमी करणाऱ्या) रोधांवर असते, त्यांना हा उपाय लागू नाही.

व्होल्टचे राष्ट्रीय मानक नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जोसेफसन परिणामावर (अतिवाहकांच्या जोडावर वारंवारतेवरून नेमका दाब मिळतो, त्यावर) राखले जाते. घरच्या मीटरला तिथवर जायचे कारण नाही. प्रीसेट फिरवलाच, तर त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकतात आणि बॅटरीच्या झाकणाआत तारीख लिहितात, शेजारी खोलीचे तापमानही.