गुडघा सुजलाय, पण लघवीचं काय?

तिशीतल्या पुरुषाचा एकच गुडघा टम्म सुजला की पहिला संशय युरिक अ‍ॅसिडवर. ते नॉर्मल आलं की 'कुठेतरी मार लागला असेल'. तीन आठवड्यांपूर्वी लघवीला जळजळ होत होती का, हे सहसा विचारलं जात नाही. विचारलंच तर 'उन्हाळी लागली होती' म्हणून विषय संपतो. ती उन्हाळी नसून क्लॅमिडिया, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारा जिवाणू, असू शकतो. क्लॅमिडिया झालेल्या अनेकांना तर जळजळही होत नाही.

या दुखण्याला रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. मूत्रमार्गाच्या संसर्गानंतर साधारण १ ते ४ आठवड्यांत गुडघा किंवा घोटा सुजतो, बहुधा एकाच बाजूचा. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकते, पायाचं एखादं बोट अख्खं फुगतं, डोळे लाल होतात. एचएलए-बी२७ हा जनुक असलेल्यांना धोका जास्त.

सांध्यातलं पाणी काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, टाकलं, तर काहीच उगवत नाही. क्लॅमिडियाची गंमत इथेच आहे. हा जिवाणू जिवंत पेशीबाहेर वाढूच शकत नाही. बाहेर असतो तेव्हा तो जेमतेम ०.३ मायक्रोमीटरचा, टणक कवचाचा कण असतो. पेशी त्याला गिळते. गिळलेले जंतू पचवायला पेशीकडे लायसोसोम नावाच्या पाचक पिशव्या असतात. पण ज्या फुग्यात हा बसलेला असतो, त्याचं आवरणच तो असं बदलतो की लायसोसोम त्याला जाऊन मिळत नाहीत. मग आत तो फुगतो, दुभंगत राहतो, पुन्हा कण बनतो आणि ४८ ते ७२ तासांत बाहेर पडतो.

शरीर इंटरफेरॉन-गॅमा हे संरक्षक प्रथिन सोडून पेशीतलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल संपवतं, म्हणजे जंतूची रसदच तोडतं. तेव्हा क्लॅमिडिया मरतोच असं नाही. विभाजन थांबवून बेढब आकारात दबा धरून बसतो. सांध्याच्या अस्तरात त्याचे डीएनए आणि आरएनए पीसीआरने सापडले आहेत ते याच अवस्थेतले मानले जातात.

गनोरियाचं, म्हणजे परम्याचं, गणित वेगळं. तो क्वचित रक्तात उतरतो, तेव्हा ताप, मनगटाच्या कंडरांना सूज आणि त्वचेवर मोजकेच पूभरले फोड दिसतात. ताप आणि गरम सांधा एकत्र असतील तर पाणी त्याच दिवशी तपासायला हवं. पू साचून राहिला तर कूर्चा कायमची झिजते. 'गुप्तरोगावर हमखास गोळी' विकणारे नेमके हेच दिवस वाया घालवतात.

या संसर्गासाठी लघवीची तपासणी सोपी आहे, चूक मात्र नमुना देताना होते. नेहमीच्या कल्चरसाठी मधल्या धारेची लघवी घेतात. इथे किमान तासभर लघवी न करता, सुरुवातीच्या धारेतली २०-३० मिली लागते, कारण मूत्रमार्गातल्या पेशी तिच्याबरोबर वाहून येतात. क्लॅमिडिया निघाला तर डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस देतात. त्याने मूत्रमार्ग साफ होतो, पण गुडघा लगेच उतरत नाही. त्यासाठी सूज उतरवणाऱ्या वेगळ्या गोळ्या लागतात आणि पूर्ण ओसरायला बहुतेकांचे काही महिने जातात. जोडीदाराचा उपचार मात्र त्याच आठवड्यात व्हायला हवा, नाहीतर संसर्ग फिरून परत येतो.