अर्धं चित्र आता, अर्धं मग

‘नवा टीव्ही आणला आणि चित्र बिघडलं!’ आत्याचा फोन. जुना डबा गेला, त्रेचाळीस इंची फुल एचडी टीव्ही भिंतीवर चढला, डिशचा पॅक मात्र तोच एसडीचा, म्हणजे जुन्या, कमी बारकाव्याच्या चित्राचा. शेजाऱ्यांच्या मते पॅनेलच खराब. दुकानदाराने सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल गळ्यात मारली, आणि चित्र होतं तसंच राहिलं. राहणारच. त्या तारेतून शून्य आणि एक एवढेच जातात. ते चुकले तर पडद्यावर ठिपके उडतील, पडदा काळा होईल. पण नीट पोचलेल्या शून्याला सोन्यामुळे झळाळी येत नाही.

साधा हिशेब असा. आपल्याकडच्या एसडी चित्रात ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० बिंदू. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६००. बरोबर पाचपट. म्हणजे दर पाच बिंदूंमागे चार टीव्हीला आजूबाजूचं बघून अंदाजाने भरावे लागतात. धूसरपणा यातून येतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण निम्मा गोंधळ याच्याही आधी झालेला असतो, आणि तो मला जास्त आवडतो.

एसडी बातम्या लावा, पडद्याजवळ जा आणि खालून सरकणारी पट्टी बघा. काही टीव्हींवर अक्षरांच्या शिरोरेषा सरळ दिसतील, पण काने कंगव्यासारखे दातेरी. उभ्या रेघांनीच काय घोडं मारलंय?

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं तेव्हा एका वाहिनीच्या वाट्याला रेडिओलहरींचा ७ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा होता. सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं त्यात मावत नव्हती आणि पंचवीसच दाखवली तर पडदा लुकलुकायचा. म्हणून जगभर चालत आलेली युक्ती आपणही घेतली: आधी विषम ओळी पाठवायच्या, १/५० सेकंदाने सम ओळी. एसडी वाहिन्या डिजिटल झाल्या तरी ही वाटणी सुटली नाही. त्या १/५० सेकंदात बातम्यांची पट्टी डावीकडे सरकलेली असते. त्यामुळे काना विषम ओळींत एका जागी, सम ओळींत दुसऱ्या. दोन्ही एकत्र मांडले की दाते. शिरोरेषा आडवी, ती स्वतःच्याच रेषेत सरकते, म्हणून वाचते. ताशी १४० किलोमीटरने येणारा चेंडू तर दोन अर्ध्यांच्या मध्ये सुमारे ७८ सेंटीमीटर जातो, स्टंपच्या उंचीहून जास्त!

जुन्या डब्याला याचं सोयरसुतक नव्हतं. तो विषम ओळी रंगवायचा, त्या विझत येईतो सम ओळी. जे जेव्हा टिपलं ते तेव्हाच दिसायचं. आजचा सपाट पडदा सगळ्या ओळी एकदम उजळतो, त्याला अख्खं चित्र लागतं. मग आतली चिप तुकड्यातुकड्याने निर्णय घेते. निवेदिकेमागची भिंत स्थिर आहे? दोन्ही अर्धी विणा. हात हलतोय? एकच अर्धं घ्या, २८८ ओळींचं, आणि मधल्या ओळी अंदाजाने भरा. दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवलेल्या चित्रात भिंतीवरचे चौकोनही वळवळतात, चिपला ती हालचाल वाटते आणि भिंतही धूसर होते. जुने सिनेमे मात्र सुटतात. फिल्मच्या एकाच चौकटीतून दोन्ही अर्धी घेतलेली, त्यामुळे विणली की चपखल बसतात. (सेकंदाला २४ चौकटींची फिल्म आपल्या टीव्हीसाठी २५ च्या वेगाने चालवली जायची, तीन तासांचा सिनेमा सात मिनिटं आधी संपायचा.)

‘एआय’चं स्टिकर लावलेले टीव्ही याच अंदाजात तरबेज असतात. भुवईचे केस छान काढतील; पण जी नंबरप्लेट कॅमेऱ्याने टिपलीच नाही ती कुठून आणणार?

आत्याकडे गेलो तर भलतंच निघालं: सेट-टॉप बॉक्स अजून जुन्या पिवळ्या पिनेच्या तारेवरच, नवी केबल खोक्यात पडलेली, कधी जोडलीच नव्हती. पिवळ्या तारेत रंग आणि उजेड एकत्र कालवले जातात आणि टीव्हीला ते पुन्हा निवडत बसावं लागतं. एचडीएमआय जोडली (साधीही चालली असती). बॉक्सच्या मेनूत ५७६ ओळी (चित्र टीव्ही मोठं करतो) आणि १०८० ओळी (बॉक्सच करतो) दोन्ही लावून पट्टीतले काने तपासले. तिच्या टीव्हीची चिप बॉक्सपेक्षा हुशार निघाली, म्हणून ५७६ ठेवलं. शार्पनेस ऐंशीवरून दहावर आणला. तो तपशील वाढवत नाही, कडांना पांढरी झालर लावतो. सोफा भिंतीला टेकवला, दहा-साडेदहा फुटांवर. तिथून ५७६ ओळी डोळ्याला वेगळ्या ओळखू येत नाहीत.

शेवटी जुन्या मालिकेसाठी ताणलेलं चित्र ४:३ वर, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकारावर आणलं. चेहरे माणसांसारखे झाले. आत्याने दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या बघितल्या.

‘पैसे अख्ख्या टीव्हीचे दिलेत ना रे?’