छत्रपिंडे (कीटकांच्या मेंदूतील)

कीटकांच्या मेंदूच्या डाव्या व उजव्या अर्धात असलेली, मुख्यतः गंधाचे शिक्षण व स्मरण यांच्याशी निगडित चेताकेंद्रांची जोडी. मधमाशीचा मेंदू सुमारे एक घन मिलिमीटर आकारमानाचा असून त्यातील साधारण दहा लाख चेतापेशींपैकी एकतृतीयांश पेशी या जोडीत एकवटलेल्या असतात. ड्रॉसोफिला या लहान फळमाशीत दर बाजूस अशा पेशी केवळ 2,000 च्या आसपास आहेत.

या पिंडांचे पहिले वर्णन फ्रेंच प्राणिवैज्ञानिक फेलिक्स द्यूजार्दँ यांनी 1850 मध्ये केले. मधमाश्या व मुंग्या यांसारख्या समूहाने राहणाऱ्या कीटकांत हे पिंड मोठे असल्याचे पाहून त्यांनी त्यांचा संबंध बुद्धीशी जोडला. समूहजीवनामुळेच छत्रपिंडे वाढली, ही समजूत पुढे दीर्घकाळ टिकली. तथापि सारा फॅरिस व सुझान शुलमाइस्टर यांनी 2011 मध्ये अनेक जातींच्या मेंदूंची तुलना करून असे दाखविले, की यजमान कीटक हुडकून त्यावर अंडी घालणाऱ्या, मधमाश्या-मुंग्यांच्या परजीवी पूर्वजांतच मोठी छत्रपिंडे अवतरली असावीत, आणि हा बदल समूहजीवनाच्या सुमारे 9 कोटी वर्षे आधीचा असावा. यजमान नेमका कोठे आहे हे लक्षात ठेवण्याची गरज या मताने पुढे आणली असून उपलब्ध पुराव्याशी तेच अधिक जुळते. छत्रपिंडे व पृष्ठवंशी प्राण्यांचे मेंदू-प्रावरण (मेंदूचा बाह्य थर) यांचे मूळ एकच असावे, असे मत 2010 मध्ये एका सागरी वलयी कृमीवरील अभ्यासातून मांडले गेले. ते आकर्षक असले तरी सर्वमान्य नाही.

कार्याविषयीचा पुरावा प्रयोगांतून आला. मधमाशी बारीक नळीत अशी बसवितात, की केवळ डोके बाहेर राहील. शृंगिकेला (डोक्यावरील संवेदी मिशीला) साखरपाण्याचा थेंब लागताच ती सोंड पुढे काढते, आणि साखरेच्या किंचित आधी एखादा गंध दिल्यास पुढे केवळ गंधानेही सोंड बाहेर येते. रांडोल्फ मेंझेल व सहकाऱ्यांनी 1980 मध्ये, असे शिक्षण दिल्यावर लगेच छत्रपिंडे थंड केल्यास ताजी स्मृती पुसली जाते, हे दाखविले. मार्टिन हायझेनबर्ग यांच्या गटाने 1985 मध्ये सदोष छत्रपिंडांच्या उत्परिवर्तित ड्रॉसोफिला माश्या गंध शिकण्यात कमी पडतात असे नोंदविले आणि 1994 मध्ये रसायनाने ही पिंडे नाहीशी करून त्यास पुष्टी दिली.

या संशोधनाचा प्रभाव उद्धरणांच्या (इतर शोधलेखांतील संदर्भांच्या) संख्येवरून जोखताना सावधगिरी हवी. फ्रेडरिक केन्यन यांनी 1896 मध्ये मधमाशीच्या छत्रपिंडांतील ज्या पेशींचे वर्णन केले, त्या आज ‘केन्यन पेशी’ म्हणून ओळखल्या जातात. पेशींचा असा नुसता नामोल्लेख उद्धरण म्हणून मोजला जात नाही. त्यामुळे इतके पायाभूत काम गणनेत त्याच्या खऱ्या वजनाने उतरत नाही. आढावालेखांना मूळ प्रयोगांपेक्षा अधिक उद्धरणे मिळतात, हेही ध्यानी घ्यावे लागते. भारतात ओबेद सिद्दीकी व वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ड्रॉसोफिलाच्या गंधसंवेदनेचे जनुकीय विश्लेषण केले. त्यांचा 1978 चा लेख भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात आला. अशा कामाचे मोल केवळ आकड्यांवरून ठरविणे अन्यायाचे होईल.

सोलापूर जिल्ह्यात या विषयाचे महत्त्व डाळिंबामुळे आहे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागांत आंबे, मृग व हस्त बहारांत बागा फुलतात आणि मधमाश्यांच्या भेटींनी फळधारणा सुधारते. 2005 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगाव येथे आहे. मधमाशी एका फुलाचा गंध शिकून तीच जात पुन्हा धुंडाळते, हे छत्रपिंडांवर अवलंबून असल्याने फवारणीचा प्रश्न येथे नाजूक ठरतो. रसशोषक किडींवर वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मधमाशीच्या केन्यन पेशी निष्क्रिय करते, असे 2013 मध्ये प्रयोगशाळेत आढळले. म्हणून फुलोऱ्याच्या काळात अशी औषधे टाळावीत आणि फवारणी अटळ असल्यास ती माश्या पेट्यांत परतल्यावर, सायंकाळी करावी.