क्लिंक कागदपत्रे

कॅनडातील आरंभीच्या इंग्रजी साहित्याचे अभ्यासक कार्ल एफ. क्लिंक (१९०८–१९९०) यांचा कागदपत्रसंग्रह. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या लंडन शहरी असलेल्या वेस्टर्न विद्यापीठाच्या अभिलेखागारात तो जतन केलेला आहे. क्लिंक यांचा जन्म त्याच प्रांतातल्या एल्मायरा गावचा. वॉटर्लू कॉलेजात अध्यापन केल्यानंतर १९४७ मध्ये ते या विद्यापीठात (तेव्हाचे वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठ) आले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले.

कॅनडात अशा संग्रहाला फ्रेंचमधून घेतलेला ‘फों’ हा शब्द वापरतात. एका माणसाच्या हातून जमलेले कागद एकत्रच ठेवायचे, विषयवार फोडून दुसऱ्या संग्रहांत मिसळायचे नाहीत आणि शक्यतो त्याने लावलेला क्रमही मोडायचा नाही, हे त्यामागचे तत्त्व. वाचकाला यात जरा गैरसोय होते, कारण हवी ती कविता ‘कविता’ या शीर्षकाखाली सापडेलच असे नाही. पण अभ्यासकाने कशाच्या शेजारी काय ठेवले होते हे कळते, आणि पुष्कळदा खरी माहिती तिथेच दडलेली असते.

क्लिंक यांच्यासारख्याला कागद जमवावेच लागत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या दक्षिण ऑन्टॅरिओत, पुस्तके थोडी आणि छापखाने त्याहून थोडे. कविता साप्ताहिकाच्या कोपऱ्यात यायची, लेखक टोपणनावाने लिहायचा, कादंबरी आगाऊ वर्गणीदार मिळाले तरच निघायची. ‘सेंट अर्सुलाज कॉन्व्हेंट’ ही कॅनडात जन्मलेल्या व्यक्तीने लिहून कॅनडातच छापलेली पहिली कादंबरी १८२४ मध्ये किंग्स्टनला अशीच निघाली. मुखपृष्ठावर लेखिका ज्युलिया बेकविथ हार्ट यांचे नाव नव्हते, आणि आज तिच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत. असे साहित्य ग्रंथालयाच्या कपाटात हाती लागत नाही. ते वर्तमानपत्रांच्या फायली, प्रवासवर्णने आणि खासगी पत्रे यांतून वेचावे लागते.

या वेचणीतून त्यांना सापडलेला सर्वांत रंगेल माणूस म्हणजे डॉ. विल्यम डनलॉप. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या १८१२च्या युद्धात हा स्कॉटिश गृहस्थ लष्करी शल्यवैद्य म्हणून कॅनडात होता. पुढे तो हिंदुस्थानात आला, कलकत्त्यात पत्रकारिता केली आणि बंगालात हुगळीच्या मुखाशी असलेल्या सागर बेटावरचे वाघ हटवण्याच्या कामात पडला. त्यामुळे मिळालेले ‘टायगर’ हे टोपणनाव त्याला अखेरपर्यंत चिकटले. १८२६ मध्ये तो पुन्हा कॅनडात गेला तो वसाहतीसाठी जमिनी विकणाऱ्या कॅनडा कंपनीचा जंगल-अधिकारी होऊन. १८३२ साली ‘एक रानवासी’ या सहीने त्याने अप्पर कॅनडाची माहिती देणारे पुस्तक लिहिले. नाव सांख्यिकीचे, मजकूर बराचसा चेष्टामस्करीचा. क्लिंक यांनी १९५८ मध्ये डनलॉपच्या लेखनावर एक खंड संपादित केला.

क्लिंक यांचे नाव मात्र मुख्यतः एकाच ग्रंथामुळे राहिले : ‘लिटररी हिस्टरी ऑफ कॅनडा’ (१९६५). ते प्रमुख संपादक होते. सोबत आल्फ्रेड बेली, क्लॉड बिसेल, रॉय डॅनिएल्स, नॉर्थ्रॉप फ्राय आणि डेझमंड पेसी हे संपादक होते आणि लेखकांची संख्या तिसावर. एवढ्या जणांकडून वेळेत मजकूर काढून घेणे हे किती चिकाटीचे काम, हे छापील ग्रंथात दिसत नाही. ते पत्रव्यवहारात दिसते. संग्रहाचा हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ग्रंथाच्या शेवटी समीक्षक फ्राय यांचा समारोप आहे. कॅनडाच्या मनाला ‘मी कोण?’ यापेक्षा ‘इथे म्हणजे कुठे?’ हा प्रश्न अधिक छळतो, हे त्यांचे विधान तिथलेच. ग्रंथाचा विषय इंग्रजी साहित्यापुरता आहे. क्वेबेकच्या फ्रेंच साहित्याचा इतिहास त्यात नाही.

एका बाबतीत क्लिंक यांच्यावर बोट ठेवावे लागते. ‘न्यू कॅनडियन लायब्ररी’ या स्वस्त पुस्तकमालेसाठी त्यांनी सुझॅना मूडी यांचे वसाहतीतल्या आठवणींचे ‘रफिंग इट इन द बुश’ (१९६२) आणि जॉन रिचर्डसन यांची ‘वाकूस्टा’ ही कादंबरी (१९६७) ही पुस्तके प्रस्तावनेसह दिली, पण कापून. चिठ्ठी न् चिठ्ठी जपणाऱ्या अभ्यासकाने मूळ पुस्तकाला कात्री लावावी, हे आज विचित्र वाटते. विद्यार्थ्यांना परवडेल आणि सत्रात वाचून होईल असे पुस्तक हवे होते, हे त्याचे साधे कारण. पुढे ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात मेरी जेन एडवर्ड्स यांच्या नेतृत्वाखाली आरंभीच्या कॅनडियन संहितांचे संपादन करणारे केंद्र सुरू झाले. वेगवेगळ्या आवृत्त्या ओळीला ओळ लावून त्यांनी १९८५ ते २०१२ या काळात बारा ग्रंथ काढले. १८३२च्या ‘वाकूस्टा’ची पूर्ण संहिता त्यात १९८७ मध्ये आली, मूडी यांचे पुस्तक १९८८ मध्ये.

डनलॉपप्रमाणे रिचर्डसनही १८१२च्या युद्धातला. शॉनी या मूलनिवासी जमातीचा नेता टेकुम्से ज्या मोराव्हियनटाउनच्या लढाईत पडला, तिथेच रिचर्डसन अमेरिकनांच्या हाती सापडला. टेकुम्सेविषयीचे जुने उल्लेख आणि त्याच्याभोवती रचलेल्या कथा क्लिंक यांनी १९६१ मध्ये एकत्र छापल्या. त्याच युद्धातला तिसरा माणूस मेजर जॉन नॉर्टन, मोहॉक नाव तेयोनिन्होकारावेन. वडील चेरोकी, आई स्कॉटिश आणि मोहॉकांनी आपला मानलेला (चेरोकी आणि मोहॉक या दोन्ही मूलनिवासी जमाती). क्वीन्स्टन हाइट्सच्या लढाईत त्याने योद्ध्यांचे नेतृत्व केले. १८०९–१० मध्ये चेरोकी प्रदेशात केलेला प्रवास, हॉडनशोनी राष्ट्रांचा (मोहॉक ज्यांत मोडतात त्या इरोक्वाय संघाचा) इतिहास आणि युद्धाची हकिगत त्याने एका मोठ्या दैनंदिनीत लिहून ठेवली. ती १८१६ मध्ये पुरी झाली, नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकला अर्पण झाली आणि इंग्लंडमधल्या ॲनिक किल्ल्यात दीडशे वर्षे अप्रकाशित पडून राहिली. क्लिंक यांनी विद्यापीठाचे ग्रंथपाल, इतिहासकार जेम्स टॅल्मन यांच्यासोबत ती संपादित केली आणि कॅनडाच्या इतिहासाची साधने छापणाऱ्या चँप्लेन सोसायटीने १९७० मध्ये छापली. नवी प्रस्तावना व टिपा जोडून ती २०११ मध्ये पुन्हा निघाली.