शंट आणि जंपर

विद्युत मंडलातील दोन बिंदू जोडून प्रवाहाला नवी किंवा बाजूची वाट करून देणारे छोटे वाहक भाग. जंपरचा रोध नसल्यातच जमा असावा, अशी अपेक्षा असते. मापनाच्या शंटचा रोध अल्पच, पण अचूक ठाऊक असावा लागतो. पिनांवर बसवायच्या इवल्या टोपीलाही उत्पादकांच्या यादीत ‘शंट’च म्हणतात, त्यामुळे सुटे भाग मागवताना हटकून घोटाळा होतो.

शंट म्हणजे बाजूला वळवणे. लोंढा जंक्शनवर डबे दुसऱ्या रुळावर नेताना पाहिलेल्याला हा शब्द उलगडून सांगावा लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील बोलीत ‘झंपर’ म्हणजे पोलके. त्याचा या जंपरशी काही संबंध नाही. वायरमन खांबावरच्या जोडतारेला ‘जंप’ म्हणतात, तर मोबाईल दुरुस्त करणारा कारागीर तुटलेल्या ट्रॅकवरून, म्हणजे सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेवरून, केसासारखी बारीक तार डाख देऊन नेतो, तेव्हा तो ‘जंपर मारतो’.

सर्किट बोर्डावरच्या जंपरचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे पिना आणि टोपी. पिनांमधील अंतर बहुधा २.५४ मिलिमीटर असते. टोपीत प्लॅस्टिकच्या कवचाखाली मुलामा दिलेली स्प्रिंगदार धातुपट्टी असते. तीन पिना असतील तर टोपी १–२ वर बसवल्यास एक पर्याय निवडला जातो आणि २–३ वर बसवल्यास दुसरा. एकाच केबलवरच्या दोन जुन्या हार्ड डिस्कपैकी मास्टर (पहिली) कोणती आणि स्लेव्ह (दुसरी) कोणती हे असेच ठरे, आणि संगणकाच्या मदरबोर्डवरील बायॉसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीची) सेटिंग पुसण्यासाठी आजही अनेक ठिकाणी हीच सोय असते. नको असलेली टोपी एकाच पिनेवर अडकवून ठेवतात. ती हरवत नाही, हा त्यातला खरा शहाणपणा. कायमच्या जोडणीसाठी उघड्या तारेचा तुकडा किंवा एकच काळा पट्टा असलेला शून्य ओहमचा रोधक वापरतात. त्याचा आकार नेहमीच्या रोधकासारखा असल्याने भाग बसवणारे यंत्र तो सहज उचलते.

मापनाचा शंट मीटरला समांतर जोडतात. १०० ओहम रोधाच्या आणि १ मिलिअँपिअरला काटा पूर्ण फिरणाऱ्या गॅल्व्हानोमीटरने (सूक्ष्म प्रवाह दाखवणाऱ्या मीटरने) १ अँपिअर मोजायचा, तर ९९९ मिलिअँपिअर बाजूने न्यावे लागतात. त्यासाठी सुमारे ०.१००१ ओहमचा शंट लागतो. तापमानाने रोध फारसा बदलू नये म्हणून तो मँगॅनीन या तांबे, मँगॅनीज व निकेल यांच्या मिश्रधातूचा करतात. उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत मुलामा देण्याच्या टाकीचा डीसी प्रवाह मोजताना ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्ट असा शंट लावता येतो; त्याचा रोध अवघा १.५ मिलिओहम भरतो आणि पूर्ण प्रवाहाला त्यात ३.७५ वॅट उष्णता निर्माण होते.

जंपरच्या टोपीचा स्पर्शरोधच (टोपी व पिना जिथे टेकतात तिथला रोध) २० मिलिओहमपर्यंत असू शकतो, म्हणजे या संपूर्ण शंटच्या तेरापटीहून अधिक. म्हणूनच शंटला चार टोके देतात: दोन जाड बोल्ट मुख्य प्रवाहासाठी आणि आतल्या बाजूचे दोन बारीक स्क्रू मीटरच्या तारांसाठी. मीटरच्या तारा घाईने मोठ्या बोल्टांखालीच आवळल्या, तर सांध्यांचा रोधही मोजमापात शिरतो आणि मीटर प्रवाह असेल त्याहून जास्त दाखवतो.